अंगणातून अंतरपटापर्यंत: सीमाभागातल्या घरी ॲडव्हेंटिस्ट दृष्टीने बायबलचा अभ्यास

शुक्रवारी दिवेलागणीला बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका घरी आम्ही सात-आठ जण बायबल घेऊन बसतो. कॉलेजात जाणारा एक पोरगा नव्याने यायला लागला. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं मला विचारलं, "मामा, आपले अठ्ठावीस मुद्दे पाठ केले की झालं न्हवं?" पोरगा हुशार. प्रत्येक मुद्द्याखालची चार-चार वचनंसुद्धा त्याला तोंडपाठ होती. पण यशयातलं एक वचन उघडून "हे कोण कुणाला आणि कधी म्हणतोय?" असं विचारलं तेव्हा तो गप्प झाला.

हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी आहे. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी म्हणजे शनिवार विसाव्याचा दिवस म्हणून पाळणारा आणि ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याची वाट पाहणारा ख्रिस्ती पंथ. तिची रीतसर स्थापना १८६३ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात झाली. मूलभूत विश्वासांची आजची यादी पुष्कळ नंतरची: १९८० मध्ये सत्तावीस मुद्दे, २००५ मध्ये अठ्ठाविसावा. मुद्दे वाढले, बायबल होतं तेवढंच राहिलं. यादी कामाची आहे, पण ती दुसऱ्यांनी केलेल्या प्रवासाचा हिशेब आहे. आपला प्रवास आपल्यालाच करावा लागतो.

मुद्दा आधी ठरवून वचनं गोळा करणं हे एक शास्त्र. वचनं वाचत जाऊन, पुस्तकामागून पुस्तक एखादं सूत्र कसं वाढत गेलं ते पाहणं हे दुसरं. १७८७ साली जर्मनीतल्या आल्टडॉर्फ विद्यापीठात योहान फिलिप गाब्लर यांनी या दोहोंमध्ये भेद करायला हवा असं मांडलं. दुसऱ्या प्रकाराला बायबलचं ईश्वरविज्ञान म्हणतात. इथे आपण त्याच वाटेनं जाणार आहोत.

दोन बायबलं, एक वही

आपल्या भागात एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या वाचकाला नाही. घरातल्या आज्जीचं बायबल मराठी, शाळकरी नातीला कन्नड सफाईनं वाचता येतं. तेव्हा मराठी 'पवित्र शास्त्र' आणि कन्नड 'सत्यवेद' दोन्ही शेजारी शेजारी उघडा. एक भाषा जिथे अर्थ झाकते तिथे दुसरी तो उघडा करते. सीमाप्रश्नात भाषा भांडतात, इथे त्यांना कामाला लावा. जमलं तर पंडिता रमाबाईंचं भाषांतरही मिळवा. रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते छापून आलं.

वही जाड घ्या. डाव्या पानावर फक्त वचनात काय लिहिलंय ते. उजव्या पानावर मला काय वाटतं ते. आणि वही उलटी करून मागच्या बाजूनं हरकती: जे पटलं नाही, जे जुळलं नाही, शेजाऱ्यानं विचारलं आणि उत्तर आलं नाही ते सगळं. किराणा दुकानदार उधारी वेगळी लिहितो तसं. पहिल्या महिन्यात उजवं पान भरभर भरतं आणि डावं रिकामं राहतं. तसं झालं तर समजा, आपण वाचत कमी आहोत आणि बोलत जास्त आहोत.

आधी शब्द सोडवा

सिद्धांताकडे जाण्याआधी चार शब्द नीट पाहा: जीव, आत्मा, शब्बाथ (विसाव्याचा सातवा दिवस), न्याय. शब्बाथ सोडला तर मराठीत या शब्दांना बायबलच्या आधीचं आयुष्य आहे.

'आत्मा' म्हटलं की मराठी कानाला गीतेचा दुसरा अध्याय ऐकू येतो: शस्त्रं ज्याला कापत नाहीत, जुनी वस्त्रं टाकून जो नवी घेतो. हा अर्थ आपल्या अंगात इतका मुरलाय की ख्रिस्ती घरातसुद्धा बायबलमधला 'आत्मा' आपण तसाच वाचतो. आता उत्पत्ती २:७ उघडा. जमिनीची माती, त्यात देवाचा श्वास, आणि मग मनुष्य जीवधारी प्राणी झाला. डाव्या पानावर एवढंच लिहा: माती आणि श्वास मिळून जीव. माणसात जीव घातला असं तिथे नाही. माणूस जीव झाला, असं आहे. हिब्रूत हा शब्द 'नेफेश', आणि वारा किंवा आत्मा यासाठी वेगळा शब्द 'रुआख'.

गंमत म्हणजे आपली रोजची मराठी इथे हिब्रूच्या फार जवळ आहे. जीव लावला, जीव दमला, जिवाला घोर लागला, जिवापेक्षा अब्रू मोठी. यात कुठेही शरीरातून उडून जाणारी वस्तू नाही, अख्खा माणूस आहे. मत्तय १६:२६ मध्ये सगळं जग मिळवून 'जीव' गमावण्याची गोष्ट आहे, तिथे कन्नड सत्यवेदात 'प्राण' आहे. दोन्ही वाचा म्हणजे पुढचं सोपं जाईल. मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत झोपेत असतो ही ॲडव्हेंटिस्ट शिकवण इथून उगवते. मग उपदेशक ९:५, मेलेल्या लाजराबद्दल येशूनं वापरलेला झोपेचा शब्द (योहान ११:११), आणि १ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८ या क्रमानं जा.

क्रमाबद्दल एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका मयताच्या घरी, तिसऱ्या दिवशी, मी हा विषय उपदेशक ९:५ पासून सुरू केला. मेलेल्यांना काहीच कळत नाही. वचन खरं होतं, पण समोर बसलेल्या म्हातारीनं चाळीस वर्षांचा संसार दोन दिवसांपूर्वी मातीला दिला होता. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना लिहिताना आधी त्यांच्या दुःखाकडे पाहतो, प्रभू येईल तेव्हा काय होईल ते सांगतो, आणि या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा असं म्हणून थांबतो. तेव्हापासून वहीत दोन क्रम लिहितो: अभ्यासाचा वेगळा, मयताच्या घरचा वेगळा.

मंडप उभा करा

आता मुख्य काम. ॲडव्हेंटिस्ट विचारातली सगळी सूत्रं एका ठिकाणी बांधलेली पाहायची असतील तर ते ठिकाण म्हणजे मोशेचा निवासमंडप, रानात इस्राएल लोकांनी देवासाठी उभारलेला तंबू. बरेच जण हे अध्याय कंटाळून सोडतात, कारण तिथे मापं, आकड्या, खुंट्या आणि पडदे आहेत. म्हणूनच वाचून भागत नाही, आखावं लागतं.

निर्गम २५ ते २७ आणि ३० घ्या. मराठी बायबलचं माप 'हात' आहे, तेव्हा गणित घरचंच. एक हात साधारण ४५ सेंटीमीटर. अंगण शंभर हात लांब, पन्नास हात रुंद, म्हणजे अंदाजे ४५ मीटर बाय साडेबावीस. आतला मंडप तीस हात लांब, दहा हात रुंद. शेवटचं परमपवित्रस्थान दहा हातांचा चौकोनी ठोकळा. एवढी जागा नसेल तर दहा हाताला एक हात धरून खळ्यात चुन्यानं किंवा रांगोळीनं आखा. दार पूर्वेला. आत शिरल्यावर होमवेदी, मग पितळेचं गंगाळ. मंडपात पहिल्या दालनात दीपवृक्ष, भाकरींचं मेज, धूपवेदी. मग अंतरपट. त्याच्या आत कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी, आणि त्यावर दयासन, म्हणजे तिचं झाकण.

'अंतरपट' या शब्दावर जरा थांबा. लग्नात भटजी अंतरपाट धरतात तेव्हा दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं की तो पडणार आहे, पडण्यासाठीच धरलाय. निर्गमात तो वर्षभर धरलेला असतो; आत मुख्य याजक वर्षातून एकाच दिवशी जातो. मत्तय २७:५१ मध्ये मंदिरातला पडदा वरून खालपर्यंत फाटतो. वरून खाली हे शब्द डाव्या पानावर अधोरेखित करा.

आता या आराखड्यावर चाला. हा सगळा खटाटोप कशासाठी ते निर्गम २५:८ सांगतं: देवाला लोकांमध्ये राहायचं आहे. तोच धागा मागे एदेन बागेत जातो आणि पुढे योहान १:१४ मध्ये येतो, जिथे 'वस्ती केली' यासाठी ग्रीकमध्ये तंबू ठोकण्याचं क्रियापद आहे. शेवटी प्रकटीकरण २१:३ मध्ये देवाचा मंडप माणसांजवळ. बायबलच्या दोन टोकांना बांधलेली ही दोरी एकदा हाताला लागली की बाकीची सूत्रं त्यावर वाळत घालता येतात.

होमवेदीपाशी आपल्या भागातल्या माणसाला जास्त समजावून सांगावं लागत नाही. जत्रेत बोकड पाहिलेला आहे, नवस म्हणजे काय ठाऊक आहे. पण इथेच एक फरक शोधायचा असतो, तो कुणी सांगू नये, वाचणाऱ्यानं स्वतः काढावा. लेवीय १७:११ काढा आणि विचारा: रक्त कोण कुणाला देतंय? तिथे देव म्हणतो, ते वेदीवर मीच तुम्हाला दिलंय. नवसाची दिशा उलटी झाली. आमच्या बैठकीत हे एका बाईंच्या लक्षात आलं. त्यांचं माहेर सौंदत्तीकडचं, यल्लम्माच्या डोंगराची वाट लहानपणापासून पायाखालची. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आमी न्यायचं न्हाई, त्यानंच आणलं." मी त्यावर काही बोललो नाही. कुणाच्या श्रद्धेची टिंगल करून हा मुद्दा शिकवता येत नाही.

मग लेवीय १६, प्रायश्चित्ताचा दिवस. दोन बोकड, चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी. पहिल्याचं रक्त आत जातं. दुसरा जिवंत रानात सोडला जातो. ॲडव्हेंटिस्ट वाचनात अजाजेल म्हणजे सैतान. त्याचं रक्त सांडत नाही, म्हणून पापक्षमेत त्याचा वाटा नाही. पवित्रस्थान शुद्ध झाल्यावर पापाच्या मूळ जबाबदारीचा हिशेब त्याच्यावर येतो. इतर पुष्कळ ख्रिस्ती अभ्यासक दोन्ही बोकडांत ख्रिस्तच पाहतात. दोन्ही वाचनं वहीत लिहा, मग इब्रीकरांस ९ वाचा.

इब्रीकरांस पत्र (८:१-५, ९:२४) सांगतं की पृथ्वीवरचा मंडप स्वर्गातल्याची छाया होता आणि ख्रिस्त तिथे याजक आहे. अंगणात वधस्तंभ, पहिल्या दालनात स्वर्गारोहणानंतरची मध्यस्थी, आतल्या दालनात न्यायाचं काम, असा ॲडव्हेंटिस्ट आराखडा इथून तयार होतो.

वर्षांचं गणित

यात पुष्कळ जण अडकतात, म्हणून सरळ मांडतो. दानीएल ८:१४ मध्ये दोन हजार तीनशे संध्याकाळ-सकाळनंतर पवित्रस्थानाची शुद्धी आहे. भविष्यवाणीतला दिवस म्हणजे एक वर्ष हे सूत्र गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ वरून घेतलं जातं. दानीएल ९ मधले सत्तर सप्तक, म्हणजे ४९० वर्षं, या मोठ्या काळातूनच कापलेले आहेत असं ॲडव्हेंटिस्ट धरतात. सुरुवात इ.स.पू. ४५७, राजा अर्तहशश्तचं एज्रा ७ मधलं फर्मान. तिथून एकोणसत्तर सप्तक म्हणजे ४८३ वर्षं: इ.स. २७, येशूचा बाप्तिस्मा. शेवटच्या सप्तकाच्या मध्यावर, ३१ साली वधस्तंभ. ४९० वर्षं ३४ साली संपतात. २३०० वर्षं १८४४ साली.

बेरीज करताना एक ठेच सगळ्यांना लागते. २३०० मधून ४५७ वजा केले की १८४३ येतं. पण इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही, म्हणून एक वाढवायचा.

विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाच्या अनुयायांनी 'शुद्धी' म्हणजे प्रभूचं येणं असा अर्थ घेतला आणि २२ ऑक्टोबर १८४४ ला वाट पाहत बसले. कुणी आलं नाही. त्या घोर निराशेनंतर उरलेल्यांतल्या काहींनी पुन्हा बायबल उघडलं आणि शुद्धी स्वर्गातल्या पवित्रस्थानाची, असं वाचलं. मंडळी त्या चुकलेल्या पहाटेतून जन्मली, हे सांगायला लाजू नका. बाकीचे बहुतेक अभ्यासक दानीएल ८ चा संबंध इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या अंतियुखस एपिफानेस राजाशी जोडतात. मंडळीच्या आतही १९८० मध्ये याच विषयावर मोठा वाद झाला. हरकतींच्या बाजूला एक अख्खं पान यासाठी राखा.

आता 'न्याय'. स्वर्गात न्यायनिवाडा चालू आहे हे ऐकलं की लोक घाबरतात. त्यांना मी स्तोत्र ९६:११-१३ वाचायला लावतो. देव न्याय करायला येतोय म्हणून तिथे शेतं उल्हासतात, रानातली झाडं आनंदानं गातात. बेळगावच्या मराठी माणसाला हे कळायला उशीर लागू नये. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकालाची वाट पाहणारी एक पिढी म्हातारी झाली. ज्याची बाजू ऐकलीच गेली नाही त्याला निकाल म्हणजे धाक वाटत नाही, तो त्याचीच वाट पाहतो. दानीएल ७:२२ त्याच अंगानं वाचा: न्याय पवित्र जनांच्या बाजूनं होतो. मग प्रकटीकरण १४:६-१२ मधल्या तीन देवदूतांच्या संदेशात 'न्यायाची घडी' ही सुवार्तेचा भाग का आहे ते दिसेल.

शब्बाथ आणि बेंदूर

"तुम्ही शनीचा वार पाळता होय?" हा प्रश्न बेळगावच्या शनिवार खुटापासून निपाणीपर्यंत कुठेही येतो. उत्तर शब्दात आहे. बायबल वारांना ग्रहांची नावं देत नाही, दिवस मोजतं. सातवा तो शब्बाथ. दुसरा गैरसमज उपवासाचा. यशया ५८:१३ शब्बाथाला आनंद म्हणतं, तेव्हा पोटभर जेवा.

दिवस संध्याकाळी सुरू होतो, उत्पत्ती १ मधल्या 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' या क्रमानं. आपल्याकडे सूर्य जूनमध्ये सातनंतर मावळतो, नोव्हेंबरअखेरीस सहाच्या आतच. शुक्रवारचा स्वयंपाक त्या हिशेबानं उरका.

अभ्यासासाठी दोनच उतारे समोरासमोर ठेवा: निर्गम २०:८-११ आणि अनुवाद ५:१२-१५. आज्ञा तीच, कारण वेगळं. पहिल्यात सृष्टीची निर्मिती, दुसऱ्यात मिसरातली गुलामगिरी. अनुवादात विसावा मिळणाऱ्यांची यादी मोजा: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, परका. आपल्याकडे ज्येष्ठी पौर्णिमेच्या कर्नाटकी बेंदराला बैलाच्या खांद्यावरचं जू उतरतं, शिंगं रंगतात, पुरणपोळी मिळते. अनुवादातला बैल दर सात दिवसांनी सुटतो, आणि त्याच्याबरोबर त्याला हाकणारा गडीही. तुम्ही शब्बाथ पाळता आणि तुमच्या घरची मोलकरीण त्या दिवशी भांडी घासते, तर हा उतारा अजून वाचून झालेला नाही. इब्रीकरांस ४:९ नंतर घ्या.

निपाणीचा प्रश्न

शरीर देवाचं मंदिर आहे (१ करिंथकरांस ६:१९-२०). मंडपाचाच धागा, आता देहापर्यंत आलेला. ॲडव्हेंटिस्ट तंबाखू आणि दारू वर्ज्य मानतात. कागदावर सोपं आहे. पण निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू हे पीक आहे, वखारीतली मजुरी आहे, विड्या वळून पोरांची फी भरणारी आई आहे. १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन इथल्या घराघराला आठवतं. तेव्हा हा धडा शिकवताना 'ओढू नका' एवढ्यावर थांबलात तर समोरची विडी कामगार बाई मुकाट ऐकून घेईल आणि पुन्हा यायची नाही. तिला याकोब ५:४ आधी वाचून दाखवा, कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते ते वचन. पर्यायी कामाबद्दल बोलायची तयारी असेल तरच पुढे जा.

महासंघर्ष, जपून

ख्रिस्त आणि सैतान यांच्यातला महासंघर्ष ही ॲडव्हेंटिस्ट विचाराची मोठी चौकट. उत्पत्ती ३:१५, ईयोब १-२ आणि प्रकटीकरण १२ हे तीन खांब पुरेसे भक्कम आहेत. सैतानाचं पतन म्हणून वाचला जाणारा यशया १४ मुळात बाबेलच्या राजाला उद्देशून आहे हे आधी लिहा, मग पुढचा अर्थ लावा. शेजारची मेथडिस्ट काकू किंवा कॅम्पातला कॅथलिक मित्र या संघर्षात कुठल्या बाजूला, असली मोजणी करू नका. बेळगावात १८२० पासून मिशनरी काम झालंय. तुमच्या आधी इथे बायबल वाचणारे होते. हरकतींची बाजू भरायला त्यांनाच चहाला बोलवा.

मंडळीच्या संस्थापकांपैकी एक, एलेन व्हाइट (१८२७-१९१५), यांचं लेखन कधी उघडायचं? उतारा स्वतः वाचून डावं पान भरल्यावर. त्यांनी स्वतःच्या लेखनाला मोठ्या प्रकाशाकडे, म्हणजे बायबलकडे, नेणारा लहान प्रकाश म्हटलं. लहान दिवा आधी डोळ्यावर धरला तर मोठा दिसत नाही.

वेळापत्रक शब्बाथ शाळेच्या (मंडळीतल्या शनिवारच्या बायबल-वर्गाच्या) तिमाहीसारखं तेरा आठवड्यांचं ठेवा. दोन आठवडे शब्द, चार मंडप, तीन दानीएल, दोन शब्बाथ, एक देह आणि मजुरी, शेवटचा आठवडा फक्त हरकतींच्या पानांचा.

त्या पोरानं खळ्यात चुन्यानं मंडप आखला. कोंबड्यांनी अर्धी धूपवेदी विस्कटली. उरलेल्या रेघांकडे बघत तो म्हणाला, "मामा, दार पूर्वेलाच का? आत जाताना सूर्य पाठीमागं राहतोय की." मी त्याला कागदाच्या कपट्यावर 'यहेज्केल ८:१६' लिहून दिलं आणि चहा प्यायला आत गेलो.